अठरा नवी नावं आणि आपलं जुनं पेव

ओळखीतल्या एखाद्या तरी घराच्या गॅलरीत 'इन्सुलिनचं झाड' असतंच. कुणीतरी कुणाला तरी फांदी तोडून दिलेली असते, ती मातीत खोचली की लागते, आणि रोज सकाळी एक पान चावून खायचं हा सल्ला फांदीबरोबर फुकट येतो. आमच्या इमारतीत अशी दोन झाडं आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या झाडाला नारिंगी फूल येतं. तळमजल्यावरच्या आजींच्या झाडाला पिवळं, आणि त्यावर लाल रेघा. आपलंच झाड खरं इन्सुलिनचं, असं दोघी ठामपणे सांगतात.

ही दोन झाडं एकाच कुळातली आहेत, पण एक नाहीत. नारिंगी फुलाचं आहे कॅमेकॉस्टस कस्पिडेटस, मूळचं पूर्व ब्राझीलचं. पिवळ्या फुलाचं कॉस्टस पिक्टस, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्यातल्या पहिल्याचं नाव बऱ्याच ठिकाणी अजून कॉस्टस इग्नियस असंच लिहिलेलं असतं, कारण ते त्याचं जुनं नाव. म्हणजे दोन झाडं, तीन शास्त्रीय नावं आणि दोघांना मिळून मराठीत एकच नाव. माझं काम दिवसभर डेटाबेसशी असतं. एकाच आयडीवर दोन वेगवेगळे ग्राहक दिसले की आमच्याकडे धावपळ सुरू होते. इथे तर त्या आयडीवरून लोक पानं खातात. या कुळाबद्दल वाचायला लागले ती त्या कुतूहलापोटी, आणि मग वाचतच गेले.

या कुळाचं नाव कॉस्टेसी. इंग्रजीत यांना 'स्पायरल जिंजर' म्हणतात, म्हणजे गोल फिरणारं आलं. आल्याचे हे चुलत भाऊ, पण सख्खे नव्हेत. आलं, हळद, वेलची यांचं पान चुरगळलं की वास दरवळतो. यांच्या पानाला तसा वास नाही, कारण ती सुगंधी तेलं यांच्यात नसतात. दुसरा फरक लांबूनही दिसतो. हळदीची पानं खोडाच्या दोन बाजूंना, समोरासमोर दोन ओळींत येतात. स्पायरल जिंजरची पानं एकाच ओळीत येतात आणि ती ओळ खोडाभोवती फिरत वर जाते, अगदी गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. वरून बघितलं तर मध्ये खोड आणि भोवती पानांचा पंखा.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. शाळेत किंवा एखाद्या व्हिडिओत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं की निसर्गात सगळीकडे फिबोनाची असतो. सर्पिलाकार पानं येणाऱ्या बहुतेक झाडांत एका पानापासून पुढचं पान साधारण १३७.५ अंशांवर येतं, त्याला सुवर्णकोन म्हणतात, त्यामुळे पानं एकमेकांवर कमी सावली पाडतात वगैरे. कॉस्टस हे सगळं बाजूला ठेवतो. त्याचं पुढचं पान साधारण ३० ते ६० अंशांवरच येतं, म्हणजे एका फेऱ्यात सहा ते बारा पानं. वनस्पतींच्या वाढीची गणितं मांडणाऱ्यांना या झाडाने बरीच वर्षं कोड्यात टाकलं आहे, कारण नेहमीच्या नियमाने असा जिना तयार व्हायला नको. मला स्वतःला नियमापेक्षा असा अपवाद जास्त आवडतो. प्रोग्राम कुठे मोडतो ते बघितल्यावरच तो खरा कळतो.

आता मूळ बातमी. २०२३ साली 'फायटोकीज' या शोधपत्रिकेत एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात या कुळातल्या अठरा नव्या जातींची नावं एकदम जाहीर झाली. सगळ्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतल्या. सतरा कॉस्टस आणि एक कॅमेकॉस्टस. त्या एकीचं नाव कॅमेकॉस्टस मानाउसेन्सिस, ब्राझीलमधल्या ॲमेझॉनकाठच्या मानाउस शहरावरून. जगभरात या कुळाच्या जाती दीडशेच्या आसपास. एवढ्या छोट्या कुळात एका लेखात अठरांची भर म्हणजे एखाद्या गावाच्या मतदारयादीत अचानक एक अख्खी गल्ली सापडावी तसं आहे. गल्लीतली माणसं आधीपासून तिथेच राहत होती. यादी करणारा त्या गल्लीत गेला नव्हता, किंवा गेला तरी त्याने सगळ्यांना शेजारच्या गल्लीत मोजलं होतं.

लेखाचे पहिले लेखक पॉल मास हे नेदरलँड्सचे. अमेरिकेतल्या स्पायरल जिंजरवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९७२ साली आला होता. म्हणजे पन्नास वर्षांनीसुद्धा तोच माणूस त्याच कुळाची नोंदवही पुन्हा उघडून बसला आहे. सोबत त्यांच्या पत्नी हिल्टे मास-व्हान दे कामर, त्याही वनस्पतिशास्त्रज्ञ. चेल्सी श्पेक्ट, युजेनिओ व्हाल्डेरामा आणि थिआगो आंद्रे ही डीएनए आणि उत्क्रांतीच्या बाजूची मंडळी. आणि सहावं नाव डेव्ह स्किनर. हे कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हेत. फ्लोरिडात आपल्या बागेत स्पायरल जिंजर वाढवणारे, त्यांच्यामागे जंगलं पालथी घालणारे हौशी गृहस्थ. शास्त्राच्या लेखात हौशी माणसाचं नाव सहलेखक म्हणून येतं, तेही आभारांच्या ओळीत नव्हे, हे मला त्या अठरा नावांइतकंच महत्त्वाचं वाटलं.

हौशी माणसाची गरज का पडावी? याचं कारण कॉस्टसच्या फुलात आहे. वनस्पतिशास्त्राचा सगळा कारभार वाळवलेल्या नमुन्यांवर चालतो. झाडाची फांदी कागदात दाबायची, वाळवायची, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची, खाली कुठे, कधी, कुणी गोळा केली ते लिहायचं. असे लाखो पुठ्ठे हर्बेरियममध्ये कपाटांत असतात. गवत किंवा नेचं असं छान टिकतं. कॉस्टसचं फूल मात्र कांद्याच्या पापुद्र्याइतकं नाजूक आणि एका दिवसाचं. वाळलं की त्याचा तपकिरी चोथा होतो. रंग गेला, आकार गेला, कणीस दाबलं गेलं. मग लाल कणसाचं, हिरव्या कणसाचं, पिवळ्या फुलाचं, पांढऱ्या फुलाचं अशी वेगवेगळी झाडं पुठ्ठ्यावर एकसारखी दिसायला लागतात, आणि एकाच नावाखाली वर्षानुवर्षं पडून राहतात. जिवंत झाड बघणारा, त्याचा फोटो काढणारा, ते आपल्या अंगणात फुलवून दोन झाडं शेजारी ठेवणारा माणूस लागतो तो इथे.

मग बघायचं काय? फूल तर आहेच, पण ते नेहमी मिळेलच असं नाही. पानाचा देठ जिथे खोडाला वेढतो तिथे एक छोटी कॉलर असते, तिची लांबी आणि कडा. पानाच्या खालच्या बाजूची लव. कणसावर खवल्यांसारखी जी सहपत्रं असतात त्यांची टोकं, ती चपटी आहेत की पानासारखी बाहेर वळलेली. आणि प्रत्येक सहपत्राच्या टोकाखाली असलेली एक बारीक रेघ. ही रेघ म्हणजे मधाची ग्रंथी. फुलाबाहेरचा हा मध मुंग्यांसाठी असतो. डग्लस शेमस्के यांनी पनामात कॉस्टस वूडसोनाय या जातीवर काम करून १९८० साली दाखवलं की मधाच्या लोभाने कणसावर फिरणाऱ्या मुंग्या बियांचा नाश करणाऱ्या एका माशीला हुसकावतात, आणि मुंग्या असल्या की झाडाला जास्त बिया मिळतात. पगारी राखणदार म्हणा ना. ही वूडसोनाय जात आपल्याकडे नर्सरीत 'रेड बटन जिंजर' म्हणून मिळते, आणि तिचं नामकरण मास यांनीच केलेलं.

इतक्या जाती झाल्या कशा, हा पुढचा प्रश्न. कॉस्टस आफ्रिकेतही आहे आणि अमेरिकेतही. डीएनएवरून दिसतं की तो आफ्रिकेकडून समुद्रापलीकडे अमेरिकेत पोचला आणि तिथे, पृथ्वीच्या हिशोबात अगदी अलीकडे, भराभर फुटत गेला. तिथे त्याला दोन प्रकारचे पाहुणे मिळाले. एक म्हणजे ऑर्किड मधमाश्या, धातूसारख्या चमकणाऱ्या. त्यांच्यासाठी फुलाची पाकळी रुंद, पांढरट-पिवळी, रेघांची, उतरायला धावपट्टी असावी तशी. दुसरा पाहुणा हमिंगबर्ड. त्याच्यासाठी फूल अरुंद नळीसारखं, लाल, नारिंगी किंवा पिवळं. मात्र ही 'पाकळी' खरी पाकळी नव्हेच. पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून ती तयार झालेली असते. सहावा पुंकेसर तेवढा पराग देतो.

पाहुणे वेगळे तर जात वेगळी, हे समजायला सोपं. पण कॅथलीन के यांनी अभ्यासलेली एक जोडी मला फार आवडली. कॉस्टस पल्व्हेरुलेंटस आणि कॉस्टस स्केबर. दोघी जवळच्या नात्यातल्या, पुष्कळ ठिकाणी एकाच जंगलात, आणि दोघींकडे येतात ते हमिंगबर्डच. मग त्या मिसळून एक का होत नाहीत? फुलांची मापं थोडी वेगळी, त्यामुळे पराग नेमक्या जागी लागत नाही. आणि लागलाच तरी दुसरीच्या परागाला बीजापर्यंत पोचू देत नाहीत. विशेष म्हणजे जिथे दोघी शेजारी राहतात तिथे ही नाकेबंदी जास्त कडक आहे, आणि जिथे एकटी राहते तिथे सैल. शेजार असला की कुंपण उंच होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जात वेगळी आहे अशी खात्री झाली तरी ती जात 'नवी' होत नाही. त्यासाठी नियमावली आहे, आंतरराष्ट्रीय, बऱ्यापैकी कडक. नाव लॅटिन वळणाचं हवं. सोबत वर्णन किंवा निदान शेजारच्या जातींपासून हिचा फरक काय तो सांगणारा मजकूर हवा. एक नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते लिहावं लागतं. पुढे शंभर वर्षांनी भांडण झालं तर त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं, हे झाड म्हणजेच ही जात. २०११ संपेपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये लिहिणं सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालतं, आणि कागदावर न छापता नुसत्या ऑनलाइन अंकात आलेलं नावही ग्राह्य धरलं जातं. त्याआधी कितीही चांगला शोध असला तरी छापील अंक हातात येईपर्यंत ते नाव जन्माला आलेलं नसे.

नावाची ही हौस नाही, गरज आहे. नाव नसलेलं झाड धोक्यातल्या जातींच्या यादीत जाऊ शकत नाही. एखाद्या खोऱ्यात धरण किंवा रस्ता होणार असेल तर अहवालात लिहायला त्याला शब्दच नसतो. दोन जाती एका नावाखाली असतील तर त्यातली एक दुर्मीळ असली तरी कागदोपत्री ती 'सर्वत्र आढळते'.

आता आपल्याकडे येऊ. कॉस्टस हा शब्द मुळात कुठला? संस्कृत 'कुष्ठ'. कातडीचा रोग नव्हे, औषधी मूळ. मराठीत त्याला कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात. हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. त्याचं सुगंधी मूळ दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगात जायचं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात त्याची नोंद आहे. बॅरिगाझा म्हणजे भरूच, आपल्या वडोदऱ्याच्या मंडळींना रेल्वेने तासाभराचं. कुष्ठचं ग्रीकमध्ये कोस्टोस झालं, लॅटिनमध्ये कॉस्टस. मग १७५३ साली लिनियसने हे जुनं नाव उचललं आणि दिलं भलत्याच झाडाला. त्याने नाव ठेवलं कॉस्टस अरेबिकस, म्हणजे अरबस्तानातला कॉस्टस. ते झाड आहे उष्ण कटिबंधीय अमेरिकेचं. शब्द भारतातला, विशेषण अरबांचं, झाड अमेरिकेचं. आणि ज्याचं हे नाव होतं ते हिमालयातलं मूळ अतितोडीमुळे आज आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे.

आपल्या सह्याद्रीतही या कुळातलं एक झाड आहे आणि ते परकं नाही. पेव. काही ठिकाणी पेवा म्हणतात. चोर्ला घाटात, आंबोलीत, खानापूरच्या बाजूला, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ओढ्याकाठी, झाडीच्या कडेला दिसतं. पुरुषभर उंच, जिन्यासारखं वळलेलं, टोकाला लालसर-तपकिरी कणीस, आणि त्यातून रोज एक-दोन पांढरीशुभ्र फुलं, इस्त्री न केलेल्या मलमलीसारखी. श्रावण-भाद्रपदात ते भर फुलात असतं. (आपण 'पेव फुटलं' म्हणतो ते पेव वेगळं, ते धान्य साठवायचं जमिनीतलं. पण एका कंदापासून हे झाड ओढ्याकाठी जसं पसरतं ते बघितल्यावर हा वाक्प्रचार इथेही चालून जाईल.) त्याच्या कंदात डायोस्जेनिन असतं, स्टेरॉइड आणि हार्मोनच्या औषधांचा कच्चा माल.

या पेवाच्या नावाने सोसलेले हाल ऐका. १७८३ साली कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला बँक्सिआ स्पेसिओसा म्हटलं. हा लिनियसचा शिष्य, तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीत राहून काम करणारा. पण बँक्सिया हे नाव वर्षभरापूर्वीच ऑस्ट्रेलियातल्या झाडांना दिलेलं होतं. एकाच नावाच्या दोन फाइल एका फोल्डरमध्ये राहत नाहीत, तसंच हे. १७९१ मध्ये ते कॉस्टस स्पेसिओसस झालं, आणि दोनशेहून जास्त वर्षं सगळ्या पुस्तकांत तेच राहिलं. २००६ साली श्पेक्ट आणि स्टीव्हन्सन यांनी डीएनएच्या आधारे कुळाची फेरमांडणी केली, तेव्हा कळलं की आशियातलं पेव अमेरिकेतल्या कॉस्टसच्या घरातलं नाही. त्यांनी नवं आडनाव दिलं, कायलोकॉस्टस. इन्सुलिनच्या झाडाला कॅमेकॉस्टस हे आडनाव मिळालं तेही त्याच लेखात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पेवाच्या गटाला १७९१ सालीच रेट्झियसने हेलेनिया म्हटलं होतं. नियम साफ आहे, आधीचं नाव ते खरं. म्हणून २०१३ पासून आपलं पेव हेलेनिया स्पेसिओसा आहे. मराठीत मात्र ते या सगळ्या काळात पेवच राहिलं.

नावं बदलण्याचा लोकांना राग येतो. मला येत नाही, पण त्याचा त्रास कुणाला होतो ते दिसतं. इन्सुलिनच्या झाडावर आपल्याकडे पुष्कळ प्रयोग झाले आहेत, बरेचसे उंदरांवर. कुठे झाडाचं नाव कॉस्टस इग्नियस लिहिलेलं, कुठे कॉस्टस पिक्टस. एखाद्या लेखातला निष्कर्ष नारिंगी फुलाच्या झाडाचा असेल तर तो पिवळ्या फुलाच्या पानाला आपोआप लागू होत नाही. पान कुठलं, किती, किती दिवस, सोबत गोळ्या कुठल्या, हे कुणी विचारत नाही. फांदीबरोबर फक्त विश्वास येतो. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' हे वाक्य. रक्तातली साखर खरंच कमी करणारं पान असेल तर गोळीबरोबर घेतल्यावर ती जास्तही उतरू शकते. करत नसेल, आणि त्याच्या भरवशावर कुणी गोळी थांबवली, तर डोळे आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. तळमजल्यावरच्या आजींना मी एवढंच सांगितलं की पान खायचं तर खा, पण डॉक्टरांना सांगून, आणि गोळी चालू ठेवून. त्या म्हणाल्या, "डॉक्टर हसतात गं." हसू देत. त्यांना माहीत असणं महत्त्वाचं.

अंक वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पावसाळ्यात ट्रेकला जातात, आणि फोनमध्ये धबधब्याचे शंभर फोटो घेऊन येतात. पेव दिसलं तर त्याचे पाच घ्या. पूर्ण झाड, जिन्याचं वळण दिसेल असं. कणीस बाजूने, सहपत्रांची टोकं स्पष्ट दिसतील इतक्या जवळून. फूल समोरून. पान उलटं करून खालची बाजू. आणि पान खोडाला जिथे वेढतं तिथली कॉलर. झाड उपटायचं नाही, कंदही उकरायचा नाही. जागा आणि तारीख फोन आपणच नोंदवतो. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी हे फोटो टाकले की या कुळाची माणसं ते बघतात. फूल मिळालं नाही तर नोव्हेंबरच्या सुमारास त्याच जागी परत जा. तेव्हा कणसात लाल बोंडं उकललेली असतात, आत काळ्या बिया आणि त्यांना चिकटलेला पांढरा गर.